सत्र सुरू झालं की लेखन थांबतं. रगाड्यात शोधलेखन चालू कसं ठेवता?

मीमांसा
नमस्कार मंडळी,
मी महाविद्यालयात शिकवते आणि सोबत पीएचडी करते आहे. प्रबंधाची दोन प्रकरणं झाली, तिसरं अर्ध्यावर आहे. सुट्टीत लेखन छान चालतं. सत्र सुरू झालं की तास, त्यांची तयारी, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, कुठल्या ना कुठल्या समितीचा अहवाल आणि घर, सगळं एकदम अंगावर येतं. महिनाभराने फाइल उघडावी तर आपलंच लिखाण परक्याचं वाटतं. हा परिच्छेद का लिहिला होता, हा संदर्भ कशासाठी काढून ठेवला होता, हे आठवण्यातच हाताशी असलेला वेळ संपून जातो.

"रोज थोडं तरी लिही" असं सगळे सांगतात. थोडं म्हणजे किती, आणि डोकं चालतच नाही त्या दिवशी काय करायचं, हे कोणी सांगत नाही. काही जण नेमकं उलट सांगतात, की सलग बैठक मारल्याशिवाय संशोधनाचं लेखन होतच नाही. मला स्फूर्तिदायक वचनं नकोत. ज्यांनी नोकरी सांभाळून प्रबंध, पेपर किंवा पुस्तक पुरं केलं त्यांनी प्रत्यक्षात काय केलं ते वाचायचं आहे. विषय कोणता तेही लिहा, कारण प्रयोगशाळेतल्या माणसाचं आणि जुन्या कागदपत्रांत बसणाऱ्याचं गणित वेगळं असणार.

अर्धविराम
फार गरजेचा धागा. वाचनखूण साठवली आहे. प्रतिसाद वाचत राहणार.

पहाटवारा
अर्थशास्त्र. पहाटे साडेपाच ते साडेसहा, फोन दुसऱ्या खोलीत, मेल उघडायची नाही. त्या तासात फक्त मजकूर. दिवसभर मग काहीही होऊ दे, लेखन झालेलं असतं. दुसरी कुठलीही युक्ती मला ठाऊक नाही.

रातकिडा
पहाटेचा सल्ला आला की माझ्यासारखे लोक धागा बंद करून निघून जातात, म्हणून आधीच लिहितो: रात्री दहानंतरही प्रबंध पूर्ण होतात. माझा झाला. पहाटवारा यांच्या प्रतिसादातला "मेल उघडायची नाही" हा भाग मात्र सोन्यासारखा आहे. तास कोणताही असो, त्यात दुसऱ्याचं काम शिरू द्यायचं नाही.

वेधशाळा
प्रायोगिक भौतिकशास्त्र. रोज लिहिण्याबद्दल माझं मत वेगळं आहे. उपकरणावर वेळ मिळाला की ते आठवडे मोजमापाचेच असतात. त्यात ठरावीक तासाला टेबलाशी बसून परिच्छेद लिहिणं शक्य नाही, आणि लिहूही नये, कारण निकाल अजून यायचे असतात.

पण त्या आठवड्यांत लेखन बंद असतं असंही नाही. आमच्या गटात एक पद्धत आहे. ज्या दिवशी मोजमाप केलं, त्याच दिवशी पद्धतीच्या विभागाची ती दोन-चार वाक्यं लिहून टाकायची: नमुना कोणता, तापमान किती, कॅलिब्रेशन कधी केलं, आणि सेटिंग बदललं असेल तर का बदललं. हे "का" सहा महिन्यांनी कोणालाच आठवत नाही आणि रिव्ह्यूअर नेमकं तेच विचारतो. दुसरं म्हणजे आलेख तयार झाला की त्याखालची ओळ तिथल्या तिथे लिहायची. पाच आलेख आणि त्यांच्याखालच्या पाच ओळी एका खाली एक ठेवल्या की निकालांच्या विभागाचा सांगाडा समोर असतो. प्रस्तावना नंतर, ॲबस्ट्रॅक्ट सगळ्यात शेवटी. मीमांसा, तुम्ही तिसरं प्रकरण पहिल्या ओळीपासून क्रमाने लिहीत असाल, तर तो क्रम एकदा मोडून पाहा.

तळटीप
इतिहास. प्रबंध झाला, सध्या पुस्तक लिहिते आहे.

रोज की सलग, या वादामागे थोडं संशोधनही आहे. "रोज थोडं लिहा" हा सल्ला विद्यापीठांत रुजला तो बराचसा रॉबर्ट बॉइस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञामुळे. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अभ्यासात प्राध्यापकांचे तीन गट होते. पहिला नेहमीसारखा, वेळ मिळेल तेव्हा मोठी बैठक मारणारा. दुसरा रोज थोडा वेळ लिहून त्याची नोंद ठेवणारा. तिसरा रोज लिहिणारा, नोंद ठेवणारा आणि शिवाय दर आठवड्याला कोणाला तरी त्याचा हिशेब देणारा. वर्षाची सरासरी पानं अनुक्रमे १७, ६४ आणि १५७. लेखनाच्या कार्यशाळांत हे आकडे हमखास दाखवले जातात. गट फार लहान होते हे मात्र क्वचितच सांगितलं जातं.

पुढे न्यूझीलंडमधल्या हेलन स्वर्ड यांनी वेगवेगळ्या देशांतल्या १०० अभ्यासकांच्या मुलाखती घेतल्या, हजाराहून जास्त लोकांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि २०१६ साली बॉइसच्या सल्ल्याची उलटतपासणी करणारा लेख लिहिला. भरपूर आणि चांगलं लिहिणाऱ्यांपैकी रोज लिहिणारे थोडेच निघाले. कोणी शनिवारी लिहिणारे, कोणी सुट्टीत, कोणी दोन तासांच्या फटीत.

मला बॉइसच्या आकड्यांत ६४ आणि १५७ मधला फरक जास्त बोलका वाटतो. दोन्ही गट रोजच लिहीत होते. तिसऱ्या गटाला कोणीतरी विचारणारं होतं, एवढंच वेगळं होतं. आपण वेळापत्रकावर भांडत बसतो आणि माणूस शोधायचा राहून जातो.

नेमकेपणा
तळटीप, हा प्रतिसाद मुख्य मजकुरात हवा! :) पुढचे आकडेही येऊ द्या.

गणिती
शुद्ध गणित. सगळ्यांचा आदर ठेवून एक मुद्दा. सिद्धता सापडलेली नसताना रोज शब्द उमटवण्यात माझ्या विषयात अर्थ नसतो. आठवडाभर विचार आणि एका बैठकीत चार पानं, असंच चालतं. शब्दसंख्येची उद्दिष्टं माझ्या विद्यार्थ्यांवर लादू नका, एवढी विनंती.

वेधशाळा
@गणिती, त्या आठवड्यातले फसलेले प्रयत्न कुठे लिहून ठेवता का?

गणिती
हो, वहीत. कोणती वाट कुठे बंद झाली ते तारीख घालून लिहितो, नाहीतर तीच वाट महिन्याने पुन्हा तुडवली जाते. त्याला लेखन म्हणत असाल तर मीही रोज लिहितो.

तळटीप
म्हणते की! तेच तर लेखन. छापलं जात नाही इतकंच.

कार्यकारण
मानसशास्त्र. परिचारिकांच्या कामाच्या पाळ्यांवर प्रबंध केला, पूर्णवेळ नोकरी करून.

सवयीबद्दल आधी. २१ दिवसांत सवय लागते असं ऐकू येतं, त्याला आधार नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २०१० साली छापून आला. रोजची एखादी साधी नवी गोष्ट, म्हणजे जेवणासोबत फळ खाणं किंवा पळायला जाणं, अंगवळणी पडायला किती दिवस लागतात ते त्यांनी पाहिलं. मध्यक ६६ दिवसांचा, पण व्याप्ती १८ पासून २५४ पर्यंत. लेखन फळ खाण्याहून कितीतरी अवघड, म्हणून ६६ हा आकडा आपण डोक्यात धरू नये. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला मोलाची वाटते: एखादा दिवस हुकला तर सवय लागण्यावर फारसा परिणाम झाला नाही. तेव्हा "मंगळवार चुकला, आता गेलंच सगळं" हे मनातून काढून टाका.

आता मीमांसा यांच्या मूळ दुखण्याकडे. त्यांनी लिहिलंय की महिन्याने फाइल परकी वाटते. धाग्यातला खरा प्रश्न हाच आहे असं माझं ठाम मत आहे. गर्दीच्या दिवसांत मिळणारा वेळ तोकडा असतो, आणि त्यातला मोठा वाटा मजकुरात परत शिरण्यात जातो. पाऊण तास मिळाला आणि शिरायलाच अर्धा तास लागला, तर लेखन कसं होणार? रोज लिहिणाऱ्याला हा खर्च कमी पडतो, सलग बसणारा तो एकदाच भरतो. रोज की सलग हा वाद त्यामुळे दुय्यम आहे. परतीची वाट आखून ठेवली आहे की नाही, हे आधी बघा.

यावर सोफी लरॉय यांचं काम आहे. एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो, असं त्यांनी २००९ साली दाखवलं. मग २०१८ साली थेरेसा ग्लॉम्ब यांच्यासोबत पुढचं: काम सोडण्याआधी मिनिटभर थांबून "कुठवर आलो आणि परतल्यावर पहिलं काय करणार" एवढं लिहिलं, तर मधल्या कामात लक्ष चांगलं लागतं. म्हणजे त्या मिनिटाचा फायदा तुमच्या वर्गातल्या तासालाही होतो.

मीमांसा
कार्यकारण, नेमकं दुखण्यावर बोट ठेवलंत. ती मिनिटभराची नोंद कशी असते? एखादी खरी दाखवाल का?

कार्यकारण
माझ्या फाइलमधली एक जशीच्या तशी देतो. मजकुराच्या शेवटी, पिवळ्या रंगात असायची.

"थांबलो: तक्ता ३ खालचा दुसरा परिच्छेद. रात्रपाळीत थकवा जास्त, पण नोकरी सोडण्याचा विचार कमी. का? अंदाज: पाळीतल्या सोबतिणींचा आधार. उद्या पहिलं वाक्य: हा विरोधाभास पाळीच्या रचनेतून समजून घेता येतो. त्यानंतर मुलाखत ११ मधलं उद्धरण. आकडे पुन्हा चालवू नको, ते तपासून झालेत."

यातली शेवटची ओळ सगळ्यात कामाची. दमलेलं डोकं परत आलं की ओळखीच्या, सोप्या कामाकडे धावतं: आकडे पुन्हा चालव, समास नीट कर, संदर्भसूची लाव. काय करायचं नाही हेही लिहून ठेवलं तर ती पळवाट बंद होते. आणि पुढचं पहिलं वाक्य तयारच असल्यामुळे कोऱ्या जागेसमोर बसावं लागत नाही. उद्या ते वाक्य बदलावंसं वाटलं तर उत्तमच, कारण बदलायला लागलात म्हणजे लिहायला लागलात.

पहाटवारा
हे भारी आहे. उद्यापासून.

शेवटचा_बाक
समाजशास्त्र. घरात तान्हं बाळ आहे, त्यामुळे तास वगैरे काही आपल्या हातात नाही. बाळाला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारताना मी फोनवर बोलून ठेवते. बोलीभाषेतच, मैत्रिणीला समजावून सांगावं तसं: "हे बघ, माझं म्हणणं असं आहे की..." फोन त्याचा मजकूर करतो, चुका भरपूर असतात, पण युक्तिवाद जागच्या जागी सापडतो. नंतर टेबलाशी बसून ते नीट करायला निम्माच वेळ लागतो. टाइप करताना माझी वाक्यं जडजंबाल व्हायची. बोललेली वाक्यं सरळ असतात, हा एक वरचा फायदा.

धावपळ
एवढं सगळं कशाला? मुद्दे एआयला द्यावेत, परिच्छेद तयार. वेळेचा प्रश्नच मिटला.

फळा
मी मार्गदर्शक म्हणून बरीच वर्षं काम करतो. धावपळ, तुमच्या सूचनेला मनापासून उत्तर देतो, कारण माझ्याकडे अशी प्रकरणं हल्ली येतात. एका मसुद्यात वाक्य होतं: "सहभागींच्या प्रतिसादांत लक्षणीय वैविध्य आढळून आले." व्याकरण शुद्ध. मी विचारलं, कोणते प्रतिसाद कोणत्यापेक्षा वेगळे? विद्यार्थ्याला सांगता येईना. मग आम्ही दोघांनी मुलाखती समोर ठेवल्या, आणि पाऊण तासाने त्याने स्वतः लिहिलं: "पहिल्या वर्षातल्या शिक्षकांनी वेळेची तक्रार केली, दहा वर्षं झालेल्यांनी मान न मिळण्याची." हे वाक्य लिहितानाच त्याला आपलं प्रकरण कळलं. ते लिहिण्याची मेहनत दुसऱ्याकडे सोपवली असती तर कळणंही राहून गेलं असतं. भाषा तपासायला, संदर्भांचा साचा बदलायला साधनं जरूर वापरा, आणि तुमच्या संस्थेचा व नियतकालिकाचा नियम आधी वाचा. विचार मात्र स्वतःच्या हाताने मांडा.

दुसरं, तळटीप यांच्या आकड्यांवरून. माझ्याकडे नियम साधा आहे. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत एक पान पाठवायचं. कच्चं, अर्धवट, मध्येच "इथे संदर्भ टाकायचा" लिहिलेलं, कसंही चालेल. मी सोमवारपर्यंत दोन ओळींचं तरी उत्तर देतोच. मार्गदर्शक मंडळींना हात जोडून सांगणं आहे: उत्तराला महिना लावू नका. विद्यार्थ्याचं लेखन थांबण्यामागे आपलं मौन बऱ्याचदा असतं.

धावपळ
फळा सर, पटलं. दुसऱ्या वाक्याने फरक लगेच दिसला.

अर्धविराम
"आपलं मौन" वाचून डोळ्यांत पाणी आलं. माझे मार्गदर्शक हे वाचत असते तर किती बरं झालं असतं.

सूचिपत्र
रच्याकने, संदर्भांचा विषय निघालाच आहे तर: संदर्भ साठवायला झोटेरो हे सॉफ्टवेअर वापरा. मोफत आहे, मुक्तस्रोत आहे, २००६ पासून चालू आहे. वाचतानाच नोंद तिथे टाकायची, पान क्रमांकासकट. लिहिताना मध्येच संदर्भ शोधायला उठलं की त्या दिवसाचं लेखन संपलं म्हणून समजा. संदर्भाच्या जागी कंसात तीन फुल्या मारा आणि पुढे जा. नंतर फुल्या शोधून एका दमात सगळे संदर्भ भरता येतात.

गणिती
आमच्याकडे लाटेकशिवाय, म्हणजे गणिती मजकूर जुळवायच्या संगणक प्रणालीशिवाय, पान हलत नाही. त्यावर वेगळा धागा काढू या.

वेधशाळा
काढाच, मी येतो. इथे सुरू केला तर मीमांसा यांचा प्रश्न बाजूला पडेल.

सावली
भाषाशास्त्र. सगळे चालू ठेवण्याबद्दल बोलताहेत, म्हणून थांबवण्याबद्दल लिहिते. आईच्या मोठ्या आजारपणात मी लेखन पूर्ण बंद केलं, ठरवून. मार्गदर्शकांना तसं कळवलं, फाइलमध्ये पानभर नोंद लिहिली आणि परत कधी उघडायची तो महिना नक्की केला. आधीचे काही आठवडे "आज तरी लिहायला हवं होतं" म्हणून रोज रात्री जीव टांगणीला लागायचा. लेखन तर होत नव्हतंच, आईजवळ बसणंही धड होत नव्हतं. बंद केल्यावर निदान तिच्याजवळ पूर्णपणे बसता आलं. ठरलेल्या महिन्यात फाइल उघडली, पानभर नोंद वाचली आणि आठवड्याभरात लिहायला लागले. काही काळ असे असतात की त्यात लिहू नये. ते ओळखून तसं जाहीर करणंही शिस्तच आहे.

कार्यकारण
सावली, फार मोलाचं लिहिलंत. ती पानभर नोंद म्हणजे माझ्या पिवळ्या ओळींचंच मोठं रूप.

रातकिडा
+१. सुट्टी ठरवून घेतली तर ती सुट्टी. आपोआप झाली तर नुसता अपराधीपणा.

मीमांसा
सगळ्यांचे मनापासून आभार. दोनदा वाचला धागा. माझं सध्याचं ठरलंय ते असं: सत्र चालू असताना नवा युक्तिवाद फक्त शनिवारी सकाळी, दोन तास. आठवड्यात मधल्या दोन दिवशी अर्धा-अर्धा तास, तोही पिवळ्या नोंदीने सुरू आणि पिवळ्या नोंदीने बंद. उत्तरपत्रिकांच्या आठवड्यात शनिवारही सोडून द्यायचा, पण आधी कळवून.

दोन गोष्टी अजून सुटत नाहीत. पाच तास शिकवून आल्यावर त्या अर्ध्या तासात डोकं खरंच चालत नाही. तेव्हा नेमकं काय करू? आणि विचारणारं माणूस कुठून आणू? माझ्या मार्गदर्शकांचा व्याप माझ्याहून मोठा आहे.

तळटीप
पहिल्याचं उत्तर: दमलेल्या डोक्याची कामं आणि ताज्या डोक्याची कामं आधीच वेगळी लिहून ठेवा. दमल्यावर सूचिपत्र यांच्या फुल्या भरता येतात, उद्धरणं मूळ पानाशी ताडून बघता येतात, तक्त्यांची शीर्षकं लिहिता येतात. माझं आवडतं काम म्हणजे झालेल्या प्रकरणातल्या प्रत्येक परिच्छेदाचं म्हणणं समासात एका ओळीत लिहिणं. ज्याची ओळ लिहिता येत नाही तो परिच्छेद बिघडलेला असतो. दुरुस्ती तेव्हा करायची नाही, फक्त खूण करायची. शनिवारी बसाल तेव्हा कुठे हात घालायचा ते समोर दिसेल.

वेधशाळा
आणि आलेख-तक्ते. दमल्यावर अक्ष, एकके आणि टाइप आकार नीट करायला फार बरं वाटतं.

शेवटचा_बाक
दुसऱ्याचं उत्तर माझ्याकडे आहे. आम्ही तिघी व्हिडिओ कॉलवर एकत्र बसून लिहितो. विषय तिघींचे तीन, त्यामुळे एकमेकींचा मजकूर तपासत नाही. सुरुवातीला प्रत्येकीने एका वाक्यात सांगायचं, आज काय करणार. मग आवाज बंद, पंचवीस मिनिटं लेखन, पाच मिनिटं विश्रांती, पुन्हा पंचवीस. शेवटी काय झालं ते सांगायचं. नाही झालं तर नाही झालं म्हणायचं, त्यावर कोणी उपदेश करत नाही. बाळ रडलं की मी उठून जाते आणि परत येते, कोणी विचारत नाही. शनिवारी सकाळी आठला असतो. मीमांसा, येणार का? चौथी चालेल, त्याहून जास्त झालो की गप्पाच होतील.

मीमांसा
येणार! आठऐवजी साडेआठ चालेल का? शनिवारी पहिला तास घेऊन घरी पोचायला सव्वाआठ होतात.

शेवटचा_बाक
बाकी दोघींना विचारून निरोपात कळवते. पहिल्या दिवसाचं वाक्य तयार ठेवा.

अर्धविराम
चौथी जागा गेली वाटतं. मग दुसरा गट कोण काढतंय? मला रविवारी दुपारी जमेल, विषय कोणताही चालेल.

धावपळ
@अर्धविराम, मी आहे. निरोप केलाय.